येतो आम्ही

आमच्याकडं घरातून निघताना कुणी "जातो" म्हटलं, की अख्खं घर त्याच्यावर धावून येतं. जातो म्हणायचं ते कायमचं जाणाऱ्यानं. बाकीच्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायला निघतानाही "येतो" म्हणायचं. मला असल्या गोष्टींचा मनापासून राग आहे, पण जीभ माझं ऐकत नाही. ती घरच्यांचंच ऐकते.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि आम्ही तिघी मैत्रिणी व्हिएतनामला गेलो. मी नारायणगावजवळच्या वारूळवाडीची. दुसरी बेल्ह्याची, म्हणून तिला आम्ही बेल्हेकरीण म्हणतो. तिच्या आजोबांची मेंढरं होती. ही स्वतः बाजाराच्या गलक्यात वाढलेली, त्यामुळं समोरच्याची भाषा कळो न कळो, ही बोलणं पुरं करूनच येते. तिसरी मढची, मढवाली. ती कमी बोलते आणि बोलली की टोचून बोलते. परदेशात जाण्याची तिघींचीही पहिलीच वेळ. घरून परवानगी मिळवताना आमची दमछाक झाली होती. माझे वडील म्हणाले, "तिथं काय बघायचंय? भातखाचरंच ना? मढला चला, फुकट दावतो."

ते खोटं नव्हतं. पहिले दोन दिवस शहरात भटकून आम्ही तिथल्या डोंगरात एका खेड्यात राहायला गेलो, तर समोर उतरत्या खाचरांत भात, वर डोंगर आणि डोंगरावर धुकं. मढवाली कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढं विमानानं येऊन शेवटी आमचं मढच बघायचं व्हय?"

घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. आजी स्वयंपाक करायची. आजोबांचं काम म्हणजे बस थांबते त्या वळणावर जाऊन पाहुण्यांना घेऊन येणं. घाटातलं वळण, धुक्यात घर सापडायचं नाही, म्हणून ते स्कूटरचा दिवा चालू ठेवून उभे राहत. पहिल्या संध्याकाळी आम्हाला तो दिवाच आधी दिसला, आजोबा नंतर. आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आमची. आम्ही फोनमध्ये मराठीत बोलायचो, फोन त्यांच्या भाषेत बोलायचा. तो मध्येच काहीतरी भलतंच बोलायचा, पण आजी हसायची, आम्ही हसायचो, आणि पुढचा घास ताटात पडायचा. तीन दिवसांत त्या बाईनं आम्हाला पोटच्या पोरींसारखं खाऊ घातलं.

निघायच्या सकाळी बस हॉर्न देत होती. आजी दारात उभी. बेल्हेकरणीनं फोन तोंडाशी धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "येतो आम्ही, आजी!"

फोननं ते सांगितलं. आजीचा चेहरा असा काही खुलला, की मलाच भरून आलं. तिनं काहीतरी विचारलं. फोन म्हणाला, "संध्याकाळी?"

बेल्हेकरणीला वाटलं, आजी विमानाचं विचारतेय. आमचं विमान संध्याकाळचंच होतं. "हो हो, संध्याकाळी!" असं म्हणून ती बसमध्ये चढली. आजीनं तिघींचे हात दाबले. बसमध्ये मी म्हणालेसुद्धा, किती माया लावली गं या बाईनं.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत होतो तेव्हा आजीचा निरोप आला. सोबत फोटो होता. बुटक्या टेबलावर वाट्या मांडलेल्या आणि तीन ताटं झाकलेली. खाली फोनचं मोडकं मराठी: "भात झाला. तुम्ही कुठे? धुके जास्त. नवरा वळणावर गेला."

बेल्हेकरीण आधी हसली. मलाही हसू येणार होतं, तेवढ्यात मढवालीचा चेहरा बघितला.

"हसू नका," ती म्हणाली. "आमी माळशेज घाटाच्या तोंडाशी ऱ्हातो. धुक्यात ट्रक पुढनं आला का मागनं, कळत न्हाई. म्हातारा तिथं आपल्यासाठी उभा हाय."

मी घाईघाईनं टाइप केलं, "आम्ही गेलो." मढवालीनं माझा हात धरला. "गेलो काय गेलो! मेल्याचा सांगावा धाडतीस का?"

खरंच होतं. एका "येतो"नं हा घोळ केला होता, "गेलो"चं फोन काय करील याचा नेम नव्हता. साधं निघाल्याचं सांगायला मला माझ्याच भाषेत शब्द मिळेना. शेवटी लिहिलं, आम्ही विमानतळावर आहोत, परत येणार नाही, आजोबांना घरी बोलवा. उत्तर आलं, "त्याचा फोन घरी आहे. मुली आल्याशिवाय तो परतत नाही."

आम्ही फोन लावला. आजी भरभर बोलत होती, आवाज रडवेला. दुसऱ्या फोननं ते ऐकून मराठीत सांगावं म्हणून आम्ही तो जवळ धरला, तर त्यानं विमानतळावरची घोषणाच ऐकली आणि शांतपणे म्हणाला, "कृपया रांगेत उभे राहा." मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. गणवेशातल्या एका मुलीला मी सगळं दाखवलं. तिनं वाचलं, काहीतरी टाइप करून आजीला पाठवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हाला पुढं जायची खूण केली. पुढं जाण्याशिवाय आम्ही करणार तरी काय होतो?

विमानात फोन बंद करावे लागले. मी बेल्हेकरणीवर खेकसले, "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"मग काय जातो म्हनायचं व्हतं?" ती म्हणाली. "तू म्हनली असतीस?"

नसते म्हणाले. ती खिडकीकडं तोंड करून रडायला लागली आणि मी तिचा हात धरून बसले, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. खाली कुठंतरी एक म्हातारा दिवा लावून उभा होता आणि आम्ही त्याच्यापासून दर मिनिटाला लांब चाललो होतो.

मुंबईला उतरलो तरी निरोप नव्हता. नारायणगावला उतरलो तरी नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. "नवरा सापडला. गाडी खाली पडली. पाय मोडला. तो विचारतो, मुली नीट पोहोचल्या का?" आणि मागोमाग आणखी एक: "तुम्ही कधी येता?"

आम्ही तिघींनी मिळून माफीचं लिहिलं, चारदा खोडून. आजीनं लिहिलं, "माफी नको. कधी येता?" त्याचं उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही.

पंधरा दिवसांनी मी परत पुण्याला निघाले, नव्या कोर्सला; कॉलेजची वर्षंही मी तिथंच राहून काढली होती. आई दारात उभी. तिला मी सगळं सांगितलं होतं. माझ्या तोंडून "येते" निघेना. आई तो शब्द ऐकल्याशिवाय आत जात नाही, म्हणून मी कसाबसा म्हटला.

"कधी?" आई म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं हे कधीच विचारलं नव्हतं. मी चिडून म्हणाले, "आजच बरं विचारतेस?"

"आजवर इच्यारलं न्हाई, म्हंजे वाट बघितली न्हाई व्हय?" ती म्हणाली. "तू येते म्हनून जातीस, आन् मी दर शनवारी तुझ्या वाटनीच्या दोन भाकरी टाकते."

बाहेर रिक्षावाला हाका मारत होता. मी "शनिवारी" म्हणाले. शनिवारी माझा क्लास होता, आणि ते आईलाही माहीत होतं.