उजव्या पायावर थांबायचं

तांडापेठेतला भूपेश हेडाऊ हा मागांचा मिस्त्री. त्याचा आजा हातमागावर बसायचा, बापानं पॉवरलूम चालवले आणि भूपेश ते बिघडले की दुरुस्त करायचा. कामठीतल्या दहा-बारा शेडांमध्ये कुठंही लूम अडला की त्याला फोन येई आणि पान्यांची पिशवी मोटारसायकलला अडकवून तो अर्ध्या-पाऊण तासात तिथं हजर होई. अशी वीस वर्षं गेली.

चाळिशी ओलांडली आणि शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, कधी घेतल्या, कधी राहिल्या. एकदा शेडमध्ये पडलेला गंजका खिळा बुटातून डाव्या टाचेत घुसला. पाय आधीच बधिर झालेला, त्यामुळं दोन दिवस त्याला पत्ताच लागला नाही. मोजा रक्तानं चिकटला तेव्हा ऋतुजानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाहिलं. आधी टाच चिरली, मग अर्धं पाऊल गेलं आणि पाचव्या महिन्यात गुडघ्याखाली पाय कापावा लागला. यात दोष द्यावा असं कुणी नव्हतं. ते त्याला जास्त जड जाई.

कृत्रिम पाय बसवला आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा कामावर जाऊ लागला, आता ऑटोनं. इंदोऱ्यापर्यंत एक ऑटो, तिथून कामठीचा दुसरा. त्यात चार जण आधीच कोंबलेले असत आणि याचा पाय वाकून आत येईपर्यंत ड्रायव्हर मागं वळून बघत राही. कामठीत उतरल्यावर गल्लीबोळांतून शेडपर्यंत चालणं. धडधाकट माणसाला दहा मिनिटं, भूपेशला पंचवीस. पोचला की आधी स्टुलावर बसून दम घ्यायचा, मगच पाना हातात. संध्याकाळी तेच सगळं उलट. ऋतुजा जरीपटक्यात साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असे. दोघंही घरी आले की आधी भिंतीला पाठ टेकत, मग चहा.

तीन वर्षं मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. एका सकाळी झाडता झाडता ऋतुजा थांबली.

"अवो, ही गाडी एक तर विकून टाका, नाही तर चालवा. मले रोज सरकवा लागते."

"चालवू म्हणतं?"

"मी काहीच नाही म्हणून राहिली. मी थकली."

तिनं गाडी ढकलली, खालचा कचरा काढला आणि पुन्हा जागेवर लावली. भूपेश दारात बसून बघत राहिला.

शेजारचे मारोतराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ. रविवारी पहाटे गाडीच्या सरावाला ते त्याच्यासोबत मोकळ्या मैदानावर येऊ लागले. या गाडीचे चारही गिअर डाव्या पायाच्या पुढच्या बाजूनं दाबायचे, खाली आणायचे तर टाचेनं. पाऊल नसलं तरी मांडीच्या जोरानं ते जमत होतं. गिअर पडला की नाही हे पायाला कळत नसे, मग तो कानानं ऐके. लूमचा बिघाड तो असाच ओळखत आला होता.

अडचण होती ती थांबण्याची. रस्ता डाव्या कडेला उतरता असतो आणि गाडी थांबली की डावा पाय आपसूक खाली जातो. वीस वर्षांची खोड ती. आता उजवाच पाय टेकायचा, आणि मागचा ब्रेक तर त्याच पायाखाली. म्हणजे थांबताना हाताचा ब्रेक धरायचा, अंगाचा भार उजवीकडे टाकायचा आणि मग पाय काढायचा. सांगायला सोपं.

तिसऱ्या रविवारी समोर कुत्रं आलं आणि डावा पाय खाली गेला. आपण पाय टेकला असं भूपेशला वाटलं, तोवर गाडीसकट तो आडवा. कृत्रिम पाय निसटून गाडीखाली अडकला, बुटासकट, भलत्याच दिशेला वळलेला. फिरायला आलेल्या एका बाईनं किंकाळी फोडली.

"ओरडू नको वं बाई," मारोतराव म्हणाले. "तो पाय त्याचा कवाचाच तुटला हाये."

भूपेशला हसू आलं, मग कोपर सोललेलं दिसलं.

"काकाजी, होत नाही माह्यानं."

"कोणं सांगतलं होऊन राहिलं म्हणून? ऊठ गा. गाडीतलं पेट्रोल सांडून राहिलं."

परवान्याच्या कार्यालयात चार खेपा झाल्या. तिथल्या साहेबांनी बाजूला चाकं लावलेली स्कूटर घ्यायला सुचवलं आणि तसं सांगण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण कामठीच्या ज्या बोळांत शेड होते तिथं तेवढी रुंद गाडी वळत नाही. शेवटी डॉक्टरांचा कागद आला, साहेबांनी त्याला मैदानात पाच वेळा थांबायला लावलं, आणि पाचही वेळा उजवा पाय टेकला.

फेब्रुवारीत तो पहिल्यांदा गाडीनं कामठीला गेला. शेडमालक चंपतराव दारातच होते.

"आज लवकर गा?"

"गाडीनं आलो."

"बरं झालं. सात नंबरच्या लूमचा धोटा अडकून राहिला."

एवढंच. भूपेश सवयीनं स्टुलावर बसला. पाय ठणकत नव्हता, दमही लागला नव्हता. तरी तो बराच वेळ बसून राहिला. तीन वर्षांचा शीण काही एका सकाळीत उतरत नव्हता.

मे महिन्यात उन्हानं सगळं बिघडवलं. कापलेल्या जागी घाम येई, त्यावर चढवलेला मोजा भिजे, कृत्रिम पाय आतल्या आत फिरे आणि त्याचा चवडा बाहेर वळून गिअर चुकवी. मग एखाद्या झाडाखाली थांबून पाय काढायचा, पुसायचा, कोरडा मोजा चढवायचा. दिवसाला चार मोजे. ऋतुजा रात्रीच्या भांड्यांआधी ते धुऊन टाकी. तो सकाळी आठच्या आत निघे आणि ऊन कललं की परते. दुपारी लूमच्या धडधडीत पंख्याखाली पाय काढून बसे.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं ऋतुजा रोज संध्याकाळी त्याचा उजवा तळवा बघे. एके दिवशी अंगठ्याच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसला.

"हे काय हाये?"

"सिग्नलवर सगळा भार त्याच्यावरच येते ना."

ती पाऊल मांडीवर तसंच धरून बसली.

"दोन दिवस गाडी नाही," ती मग म्हणाली.

"ऑटोनं गेलो तर जास्त चाला लागते."

"मंग कामालेच जाऊ नका."

त्यानं वाद घातला नाही. चंपतरावांना फोन केला आणि दोन दिवस पडून राहिला. ऋतुजा दुकानातून येई, दिवा लावून तळवा बघे, स्वयंपाकाला लागे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठिपक्यावर अंगठा दाबून पाहिला. लाली गेली होती.

"जा. हळू जा."

इंदोऱ्याच्या चौकात दिवा लाल होता. उजवा पाय टेकायची वेळच येऊ नये म्हणून भूपेशनं लांबूनच वेग कमी केला आणि गाडी रांगत्या चालीनं पुढं नेऊ लागला. मागून कुणीतरी हॉर्न दाबला, मग दुसऱ्यानं. त्यानं वाजू दिले.