समुद्राखाली गेलेल्या कमल सिस्टर

मी वर्गात हजेरी घेत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, कमल सिस्टर गेल्या." मी मान वर न करता विचारलं, "कुठं?" कारण कमल सारखी कुठंतरी गेलेलीच असायची. कधी लसीकरणाला, कधी कुणाच्या बाळंतपणाला, कधी कुणाच्या घरचं भांडण मिटवायला. शिपायानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, तेव्हा माझ्या हातातला पेन थांबला... हिंगोलीच्या दवाखान्यात सकाळीच तिचं हृदय बंद पडलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

कुरुंद्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं आम्ही दोघी एका वर्गात होतो. पुढं मी मास्तरीण झाले, ती नर्स झाली आणि कळमनुरीत आम्ही शेजारी राहायला आलो. कमलचं बोलणं म्हणजे उघडा राहिलेला नळ. इंजेक्शन देताना ती पेशंटला सुनेबद्दल, पिकाबद्दल, म्हशीबद्दल विचारत राहायची आणि पेशंट उत्तर देईपर्यंत सुई टोचून बाहेर आलेली असायची. तिला वीस मिनिटं गप्प ठेवणारी एकच जागा मला ठाऊक आहे, आणि ती म्हणजे अरबी समुद्राचा तळ.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही मास्तरणी जीप करून कोकणात निघालो आणि कमलला सोबत घेतलं. मालवणला किनाऱ्यावर पाटी दिसली : पाण्याखाली चला, पोहता येण्याची गरज नाही. बाकीच्या पुढं गेल्या. कमल पाटीसमोरून हलेना. "सुमन, आपून जाऊ." मी तयार झाले, कारण पोहण्यात माझा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. कमलला मात्र पाण्याची भीती वाटते, असं मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले होते. नदीवर गेलं तरी ती काठावर बसून राहायची.

पाण्याखाली नेणारे गृहस्थ चाळिशीचे, किडकिडीत आणि शांत. त्यांनी अर्ज भरायला दिला. कमलनं 'पोहता येतं का' यापुढं ठसठशीत 'नाही' लिहिलं. ते म्हणाले, "काळजी करू नका. खाली फक्त तोंडानं श्वास घेत राहायचं." कमल म्हणाली, "श्वास तर मी पंचेचाळीस वर्षांपासून घेऊन राहिले. त्याच्यात काय एवढं?" मग तिनं त्यांचाच हात धरून नाडी बघितली आणि माणूस भरवशाचा आहे, असा निकाल दिला. काळ्या रबरी पोशाखात तिला बसवायला मी आणि ते गृहस्थ, दोघं लागलो. पाठीवर सिलिंडर चढवल्यावर ती म्हणाली, "पेशंट शेवटच्याला आला म्हंजे आमी हे लावतो. मी धडधाकट असून लावून घेऊन राहिले."

होडीत त्यांनी खुणा शिकवल्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ मला वर न्या. हे ऐकताना कमल होडीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला गुडघेदुखीचं औषध सांगत होती.

आधी मी उतरले. तोंडात नळी, नाक बंद, पाण्यात चेहरा... आणि गावची ती पट्टीची पोहणारी होडीच्या कडेला पालीसारखी चिकटली. मला वर ओढून घ्यावं लागलं. मग त्या गृहस्थांचा हात धरून कमल उतरली आणि दिसेनाशी झाली. वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून मला कळत होतं, ही नळी तोंडात धरूनसुद्धा बोलतेय. थोड्या वेळानं दोघं वर आले. "काय झालं? त्रास होतोय?" त्यांनी विचारलं. "न्हाई! लई भारी हाय, म्हनून तर अंगठा दाखवला!" पुन्हा खाली. पुन्हा वर. तिसऱ्यांदा वर आल्यावर ते शांत गृहस्थ हात जोडून म्हणाले, "बाई, तुमका वर येवचा आसा की खाली रवाचा आसा, ता एकदा ठरवा!" मी होडीतून ओरडले, "कमल, हात मागं बांधून घे!" चौथ्या वेळी मात्र ती पुरती वीस मिनिटं खाली राहिली.

होडीत परत आल्यावर ती डोळे मिटून कडेला टेकली. मला वाटलं, चक्कर आली. मग म्हणाली, "खाली खडकाची एक कमान हाय, सुमन. आपल्या शाळेच्या फाटकाएवढी. तिच्याखालून गेले. पिवळे-काळे मासे आजूबाजूनं फिरून राहिले व्हते. मला कोन्ही म्हनलं न्हाई, बाजूला हो."

मी विचारलं, "मला पोहता येऊन मी घाबरले. तुला तर पोहताही येत नाही. लहानपणी केवढी घाबरायचीस पाण्याला!"

"भीती कवाच नव्हती गं. पोहायला विहीर लागते. तुमच्या विहिरीत तू उड्या मारायचीस, आन् आमी घागरी घेऊन लांब उभ्या. वरून कोन्ही पानी वतलं तर आमचं. आत कोन उतरू देत व्हतं?"

ती हे रागानं म्हणाली नाही. केस पुसता पुसता म्हणाली. मी पायाशी साचलेल्या पाण्याकडं बघत राहिले... इतकी वर्षं मी तिची म्हणून जी भीती सांगत फिरले, ती कधी नव्हतीच.

परत आल्यावर एका रविवारी ती म्हणाली, "आता मला पोहायला शिकव. तुमच्याच विहिरीत." आम्ही दोघी गावी गेलो आणि दादाला, माझ्या थोरल्या भावाला, मी जमिनीकडं बघत ते सांगितलं. त्यानं आधी विहिरीकडं बघितलं, मग कमलकडं. मग गोठ्यामागून प्लास्टिकचा रिकामा डबा आणि दोरी घेऊन आला. "कमल, पाठीला हे बांध. पायऱ्या निसरड्या हायेत, दमानं उतर." गावातल्या बायका काठावर जमल्या. कमल पाण्यात हातपाय झाडत, नाकातोंडात पाणी जात असताना, वर उभ्या दादाला विचारत होती, "बीपीची गोळी घेतली का? तोंड सुजल्यावानी दिसून राहिलं!" तिसऱ्या रविवारी ती डब्याशिवाय तरंगली. त्याच दिवशी तिनं वहिनीला हाक मारली. लग्नाला तीस वर्षं होऊनही वहिनी कधी त्या विहिरीत उतरली नव्हती. ती लुगड्यासकट उतरली आणि दादा डोक्याला हात लावून बसला.

मागच्या आठवड्यात पत्र्यानं माझा हात कापला. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला मी कमलच्या उपकेंद्रात गेले. तिच्या माघारी पहिल्यांदाच. लसीकरणाच्या वेळापत्रकाशेजारी मालवणला पाण्याखाली काढलेल्या फोटोची चौकट अजून टांगलेली आहे. निळं पाणी, काळी कमान आणि तिच्याखाली दोन्ही हात पसरलेली रबरी पोशाखातली आकृती. तोंडावर काच असल्यानं कोण आहे ते कळत नाही, म्हणून खाली पेनानं लिहिलंय, 'ही मी. कमल.' नवीन सिस्टर हसून म्हणाली, "मी हा फोटो उतरवायला निघाले होते, तर बायांनी भांडण काढलं. त्याच्याकडं बघितल्याशिवाय कुणी सुई टोचून घेत नाही. सिस्टरांनी तशी सवयच लावलीय."

तिनं माझ्या दंडाला स्पिरिट लावलं. "बाई, तिकडं बघा."

मी बघितलं. सुई कधी टोचली, मला कळलं नाही. ती दोनदा म्हणाली, "झालं बाई, उठा आता." बाकावर बायका खोळंबल्या होत्या... मी तिकडंच बघत होते.