इर्माबाईची लिंबोणी

सौंसरच्या गुणवंता सोमकुंवरला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, संत्र्याच्या झाडाचं मन त्याला कळे. दुसरी, 'माझं चुकलं' हे त्याच्या तोंडून कधी निघत नसे. पहिलीचं कौतुक पांढुर्ण्यापर्यंतचे बगीचेवाले करीत. दुसरी सोसायला बायको होती, लीलाबाई. तीन वर्षांपूर्वी तीही गेली.

संत्रा फुलवायचा तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, काही गळतात, आणि मग पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात. पाणी तोडणं कुणालाही जमतं. सोडायचं केव्हा, तिथे भल्याभल्यांची फजिती होते. चाळीस वर्षं गुणवंता दुसऱ्यांच्या बगीच्यात जाऊन पान दोन बोटांत धरून सांगे, "अजून चार दिवस." आणि त्याचे चार दिवस कधी पाच होत नसत.

त्याची एकुलती एक मुलगी करुणा. नागपूरला नर्सिंग केलं आणि पाच वर्षांपूर्वी इटलीला गेली. तिथे गार्डा नावाच्या सरोवराकाठी एका खेड्यातल्या वृद्धाश्रमात तिची नोकरी. बाप एकटा पडला म्हणून तिने ऑक्टोबरात त्याला दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. बगीचा शेजारच्या संदीपकडे सोपवला, तेव्हा तो पोरगा हसत म्हणाला, "काका, तिथं जाऊन बी तुम्ही कोणत्या तरी झाडाच्या बुडाशीच बसून राहाल, पाहा!"

"तू माझ्या झाडांच्या बुडाशी बस म्हणजे झालं," गुणवंता म्हणाला.

सरोवर पाहून तो खरोखर हरखला. डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, उतारावर द्राक्षांचे वेल लालभडक, ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या पसरून माणसं फळं झोडत होती. पण पाहून पाहून किती पाहणार? करुणा पहाटे ड्यूटीवर जाई. जाताना बजावी, "बाबा, शेगडीला हात लावू नका. बाबा, एकटे पाण्याकडे उतरू नका. पायऱ्या ओल्या असतात." ज्या माणसाला विचारल्याशिवाय चार गावं पाणी तोडत नव्हती, तो खिडकीत बसून बोटींची ये-जा पाहू लागला. आठ दिवसांत त्याला वाटायला लागलं, आपण पाहुणे नाही, सांभाळायला ठेवलेलं सामान आहोत.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, इर्माबाई. वय एकोणऐंशी, कंबर वाकलेली, आवाज खणखणीत. करुणाला भाषा तिनेच शिकवली. रात्रपाळी करून पोरगी आली की खाली सूप झाकून ठेवलेलं असे, आणि रविवारी दोघींचं जेवण एकत्र. तिच्या काचेच्या खोलीत हौदाएवढ्या मातीच्या कुंडीत एक लिंबोणी होती. नवऱ्याने लावलेली. तो वारल्यापासून दोन वर्षं तिला फूल आलं नव्हतं. ऑक्टोबरच्या मध्यावर इर्माबाईला कमरेच्या ऑपरेशनसाठी वेरोनाला जायचं होतं, मग बहिणीकडे विश्रांती. पाच आठवडे. निघताना तिने गुणवंताला कुंडीजवळ नेलं, बादली दाखवली आणि तीन बोटं वर केली.

"दर तिसऱ्या दिवशी एक बादली," करुणाने समजावलं. "फक्त पाणी, बाबा. बाकी काही डोकं लावू नका."

बाकी काही डोकं लावू नका! हे कुणाला सांगत होती पोरगी? गुणवंताने माती चाचपली. चिखल. त्याला म्हातारीची दया आली. इतकं पाणी पाजल्यावर झाडाला फुलायची गरज काय? पाच आठवडे म्हणजे तर मापून दिलेली मुदत. महिना नाही तरी पंचवीस दिवस तोडायचं, मग सोडायचं. बाई परत येईल तेव्हा खोली वासाने भरलेली असेल. मग करुणा सगळ्यांना सांगेल, हे माझे वडील. आठवडाभरात त्याला असं काही कामाचं मिळालं नव्हतं. त्याने बादली उलटी करून ठेवली आणि करुणाला काही सांगितलं नाही. ड्यूटीच्या गडबडीत तिला खाली डोकवायला वेळच नव्हता.

पंधराव्या दिवशी पानं वळली. तो खूश झाला, ताण बसला. विसाव्या दिवशी पानं गळू लागली, गळणारच. पंचविसाव्या दिवशी त्याने भर बादली पाणी ओतलं आणि वाट पाहत बसला. उरलेली पानंही गळली. फांद्या राखाडी पडल्या. एका दुपारी त्याने नखाने साल खरवडली. खाली हिरवं नव्हतं. अजून खाली खरवडलं. तिथेही नव्हतं.

सौंसरच्या काळ्या मातीत मुळं पुरुषभर खोल जातात, वरून कोरडं दिसलं तरी तळाशी ओल असते. कुंडीत तळ कुठला? एवढी साधी गोष्ट. बगीच्यात नवीन आलेल्या गड्यालाही त्याने ती सांगितली असती.

इर्माबाई काठी टेकत परत आली, तिने झाड पाहिलं आणि करुणाला काही तरी विचारलं. करुणाने मान खाली घालून उत्तर दिलं. म्हातारीने काचेचं दार लावून घेतलं.

वर आल्यावर गुणवंताने विचारलं, "काय म्हटलं तू तिला?"

"म्हटलं, माझ्याकडून रात्री खिडकी उघडी राहून गेली. थंडीनं मेलं."

"खोटं कशाला?"

"मग काय सांगू? माझा बाप विसरला म्हणू?" ती थकलेली होती, कोट अजून अंगातच होता. "बाबा, रागावून नाही विचारत. तुम्ही पाणी द्यायला विसरले ना?"

इथे सांगायला हवं होतं. दार बंद होतं, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, आणि समोर स्वतःची मुलगी होती. पण विसरणारा म्हातारा जगात कुणीही असू शकतो. ताण चुकलेला गुणवंता सोमकुंवर असू शकत नव्हता. तो म्हणाला, "हाव. विसरलो."

करुणाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा. बारा दिवसांनी तो विमानात बसला.

सौंसरला आल्यावर रोज संध्याकाळी तिचा फोन. "बाबा, गोळी घेतली? पाहा बरं, डबीत आहे का." मग एक दिवस संदीप ओशाळून म्हणाला, "काका, करुणाताईचा फोन आला होता. म्हणे, बाबांना विसर पडून राहिला, गॅस पाहत जा. मी म्हटलं, काय बोलून राहिली ताई, काका तर मलेच आठवण देतात!" हे गुणवंताने स्वतः मागून घेतलं होतं.

पण जानेवारीत बोलता बोलता करुणा म्हणून गेली, नाताळाला एकटीच होते.

"का? इर्माबाई?"

"ती आता बोलत नाही, बाबा. त्या दिवसापासून. म्हणते, नवऱ्याचं झाड तुझ्या भरवशावर ठेवलं होतं. समोर आली की दार लावते. मी घर शोधून राहिली दुसरं." मग घाईघाईने, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष, वयच आहे."

त्याला पुढचं ऐकू येईना. तो म्हणाला, "करुणा, मी विसरलो नव्हतो. मुद्दाम तोडलं पाणी. ताण दिला होता."

ती म्हणाली, "कुंडीतल्या झाडाला?"

"हाव."

"आणि मी इकडे डॉक्टरांना विचारून राहिली होती तुमच्या डोक्याबद्दल." ती रडत नव्हती. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "तेव्हा बोलले असते तर, बाबा, एका मिनिटाचं काम होतं."

"आता सांगतो. तू तिच्यासमोर फोन धर, मी माझ्या तोंडानं सांगतो."

रविवारी तिने धरला. इर्माबाईचं दार अर्धंच उघडलं होतं. फोनच्या काचेत म्हातारीचा चेहरा पूर्वीपेक्षा लहान दिसला. गुणवंताने सगळं सांगितलं: संत्रा, ताण, पंचवीस दिवस, पोरीचा काही दोष नाही. शेवटी म्हणाला, "माझं चुकलं." करुणाने तेही तिच्या भाषेत केलं. झाडाबद्दल जे काही ऐकावं लागेल, त्याची त्याने तयारी ठेवली होती.

इर्माबाई थोडकंच बोलली. मग दार पूर्ण उघडलं, आणि करुणा आत जाताना फोन हलला.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

"म्हणते," करुणा सांगू लागली, "दोन महिने तुझ्याशी मी बोलले नाही. नाताळात वर तुझ्या एकटीच्या चालण्याचा आवाज येत होता, तरी बोलावलं नाही. हे तुझ्या बापाला माहीत होतं का, विचार."

"नव्हतं माहीत. मी विचारलंच नव्हतं," गुणवंता म्हणाला. काही वेळाने तिकडून रविवारच्या जेवणाच्या भांड्यांचा आवाज यायला लागला, आणि फोन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.