खुडूक कोंबडीसाठी बंदूक

बंदूक घ्यायची ठरलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये विचारत आले होते तोच: कमीत कमी किती पुरेल? मी भूलतज्ज्ञ होते. जास्त देणं कुणालाही जमतं. नेमकं पुरेल तेवढंच देण्यात आमची सगळी अक्कल खर्च होते. त्यामुळे बंदुकीची गोष्ट काढल्यावर जो तो मला मोठ्यात मोठी वस्तू सुचवायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरायला वेळ लागला नाही.

पण आधी कोंबडीचं सांगायला हवं. निवृत्तीनंतर आम्ही नोव्हाय उपनगरातलं घर विकलं आणि ॲन आर्बरच्या बाहेर पाच एकर जमीन नि एक जुना बार्न, म्हणजे गोठा-कोठार, घेतला. नवऱ्याचं आयुष्य गिअरबॉक्स डिझाइन करण्यात गेलेलं, माझं लोकांना झोपवण्यात. शेतीतलं दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. जे काही शिकलो ते शेजारच्या म्हाताऱ्या शेतकरीणबाईंकडून. या वसंतात त्या शेत विकून मुलीजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. त्यांच्या कोंबड्यांचा वाण त्यांच्या आईच्या वेळेपासूनचा होता. फ्लॅटमध्ये कोंबड्या चालत नाहीत, म्हणून सगळ्या देऊन टाकल्या होत्या. कुठे गेल्या तेही त्यांना धड ठाऊक नव्हतं. निघताना त्यांनी शेवटची अकरा अंडी माझ्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाल्या, "आता एवढंच उरलंय."

नशिबाने आमची तांबडी कोंबडी तेव्हाच खुडूक झाली होती. बार्नमधल्या तिच्या खोक्यात अंडी तिच्याखाली घातली. एकवीस दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर मांडला. नवव्या दिवशी पाहते तर अंडी आठ.

उंदीर होते. आमच्या लहानपणी गटाराशी दिसायच्या त्या घुशींच्या तोडीचे. कोंबडी दिवसातून एकदा दाणे खायला उठायची, तेवढ्या दहा मिनिटांत डाव साधायचे. नवऱ्याने खोक्याभोवती तारेची जाळी ठोकली. त्यांनी खालून बोगदा काढला. सापळ्यातलं पीनट बटर तेवढं चाटूनपुसून नेलं. विष ठेवायला मी तयार नव्हते, कारण मेलेला उंदीर खाऊन बार्नच्या आढ्यावर राहणारं घुबड मेलं असतं. खोकं हलवून पाहिलं, तर कोंबडी तासभर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, अंड्यांकडे बघेना. पुन्हा जागेवर आणल्यावर बसली. बाराव्या दिवशी अंडी सात झाली.

शेजारीणबाईंचा फोन दर रविवारी यायचा. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझे वडील बारीक नळीची बंदूक वापरायचे. पण जपून. आवाजाने घाबरून कोंबडी एकदा का उठली ना, तर पुन्हा बसायची नाही."

म्हणजे मला असं हत्यार हवं होतं, जे दहा-बारा फुटांवर उंदीर जागच्या जागी मारेल, बार्नच्या पत्र्याला भोक पाडणार नाही आणि सहा फुटांवर बसलेल्या कोंबडीला जागेवरून उठवणार नाही. डोस काढायचा होता.

नवरा वही घेऊन बसला. "अगं, सिंपल आहे," तो म्हणाला. "एक पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती ट्वेल्व्ह गेज. वीस केल्या तर ट्वेंटी. आकडा वाढला की नळी बारीक. आणि ही बघ, फोर-टेन मिळते. चारशे दहा गोळ्या. मी कॅल्क्युलेट केलंय, पावणेसहा मिलिमीटर. सुईच आहे यार ती."

मला हे फारच पटलं. बंदुका नि मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात आम्ही दोघं गेलो, मी ऐटीत फोर-टेन मागितली आणि वर त्याचं गणितही ऐकवलं. काउंटरमागचे गृहस्थ वयस्क होते, टोपीखालचे कान मोठे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅम, तुमचे मिस्टर इंजिनियर का?"

"हो."

"या चुकीला इंजिनियरच लागतो. बाकीचे गणित करतच नाहीत." मग त्यांनी समजावून सांगितलं. बाकी सगळे आकडे गोळ्यांचे. एकटी फोर-टेनच तशी नाही. तिचा आकडा म्हणजे सरळ नळीचं तोंड, इंचाचे चारशे दहा सहस्रांश. दहा मिलिमीटरच्या वर. नवऱ्याच्या सुईच्या जवळजवळ दुप्पट. नवरा मासेमारीच्या गळांकडे निघून गेला आणि त्यांच्या पाकिटांवरचा मजकूर वाचत राहिला.

"फोर-टेन वाईट नाही," ते म्हणाले. "लांबच्या उंदराला तीच घ्या. पण बंद बार्नमध्ये, कोंबडीशेजारी?" त्यांनी आतून एक हलकी बंदूक आणली. पॉइंट टू-टू, म्हणजे तोंड पाव इंचाहूनही बारीक, पण नळी आतून गुळगुळीत, म्हणजे छर्रे एकत्र राहतात. काडतूस माझ्या करंगळीच्या निम्मंही नव्हतं. त्यातले बारा नंबरचे छर्रे त्यांनी तळहातावर ओतून दाखवले: खसखशीपेक्षा मोठे, मोहरीपेक्षा बारीक. पंधरा फुटांपलीकडे यांचा भरवसा धरू नका, म्हणाले. मला पंधरा फूट नकोच होते. फोडणीच्या डब्यात शोभेल असा तो दारूगोळा बघून मला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी मी तो घ्यायचं ठरवलं.

कागदपत्रं आणि तपासणी झाली, कुलपाची पेटी घेतली. कोंबडीला ऐकू जाणार नाही इतकं लांब जाऊन शेताच्या टोकाला पुठ्ठ्याच्या खोक्यावर चार बार काढून पाहिले. छर्रे शिशाचे, म्हणजे विषारी, आणि कोंबड्या जमिनीवरचं काहीही टिपतात, म्हणून बाकीच्या कोंबड्यांना बार्नबाहेर ठेवलं. बिळासमोर ताडपत्री अंथरली, मागे गवताचा गठ्ठा लावला. नवरा म्हणाला, "ऑपरेशनआधी पेशंटवरसुद्धा इतक्या नीट चादरी अंथरत नसतील." कानांवर आवाज अडवणारे मफ चढवून तो दाराबाहेर कॉफीचा मग धरून उभा राहिला. मी थिएटरमधल्या माझ्या जुन्या गोल स्टुलावर बसले.

उजाडता उजाडता उंदीर आला. आरामात, घरच्यासारखा. कोंबडी त्याला बघत होती आणि मी तिला. मान ताठ, पिसं फुगलेली, डोळा पापणी न हलवता त्याच्यावर. तो गठ्ठ्यासमोर आला तेव्हा मी चाप ओढला.

आवाज झाला, जाड पुस्तक फरशीवर पडल्यासारखा. उंदीर जागीच कोसळला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला पुन्हा न उठण्यासाठी झोपवलं होतं. पण माझं लक्ष कोंबडीकडे होतं. ती सबंध अंगाने दचकली. पाय सरळ होताहेत असं वाटलं. मग तिने पंख जरा पसरले, अंडी आणखी आत ओढली आणि खाली बसली.

बाहेर मात्र नवऱ्याच्या हातातला कॉफीचा मग पडून फुटला होता.

त्या आठवड्यात आणखी चार उंदीर गेले आणि उरलेल्यांनी मुक्काम हलवला. एकविसाव्या दिवशी सातांतून पाच पिल्लं निघाली. योगायोगाने रविवार होता. फोन वाजला तो मी उचलून थेट खोक्यात धरला, आणि पाचही जणांनी एकदम चिवचिवाट केला. मला वाटलं बाई आनंदाने बोलतील, किती निघाली विचारतील.

पण त्यांनी विचारलं, "बंदुकीच्या आवाजाने उठली होती का ती?"

"नाही," मी म्हटलं. समोर काय चाललंय ते माणसाला कळू नये, म्हणून चाळीस वर्षं मी त्याच्या उशाशी बसले. हिला सगळं कळत होतं आणि ही बसून राहिली.