माझे चार चिमटे आन बुढ्याची शेवटची गाडी

आमचा बुढा मेला आन माझे कपड्याचे चार चिमटे अडकवून गेला.

आज वर्ष झालं. चिमटे आज दुपारपर्यंत तिथंच होते.

हे मी बोलून टाइप करून राह्यली. मी चौथी शिकली. मोबाइल त्याच्या मनानं लिहिते, चुकलं तं त्याले विचारा.

बुढ्याले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, मेडशीत सगळे ओळखत. जन्मभर दुसऱ्याची काळीपिवळी जीप चालवली. मेडशी ते मालेगाव, मालेगाव ते मेडशी, माणसं कोंबून. स्वतःची गाडी काही झाली नाही.

मंग म्हातारपणी गाड्या बनवाले बसला. प्लास्टिकच्या.

सुरुवात आमच्या दिनेशनं केली. पोरगा पुण्याले नोकरीले. बापाच्या वाढदिवसाले कुरिअरनं एक बॉक्स पाठवला. वर लाल मोटरीचा झकास फोटो.

उघडला तं आत नुसते तुकडे.

मी म्हटलं, "कुरिअरवाल्यानं आपटली वाटते. वापस करा."

बुढा चष्मा लावून आतला कागद पाह्यत बसला. "आपटली नाही वं. आपल्यालेच जोडावी लागते. याले किट म्हणतात."

"म्हणजे मोडकीच विकत घ्यायची?"

तिथून जे बसला ते उठलाच नाही.

माझ्या नेलकटरनं पार्ट कापे. पॉलिश पेपरनं घासे. माझ्या झाडूच्या काड्या तोडून गाडीच्या आरशाले रंग लावे. चटणीच्या वाटीत बारके स्टिकर भिजत घाले.

आन ग्लू लावला का पार्ट हलू नये म्हणून माझे चिमटे. इकडं माझं धुणं उडून शेजारच्या गोठ्यात.

टेबलापाशी झाडाले गेली का एकच वाक्य.

"हात नको लावू वं. सुकून राह्यली."

जेवाले बोलावलं तरी तेच. "थांब, सुकून राह्यली."

काचेचं कपाट भरलं त्यानं गाड्याइनं. आन मले माहेरी शिरपूरले जायचं असलं तं एसटी.

एकडाव म्हटलं, "अवो, घरात एवढ्या गाड्या, आन बायको एसटीच्या दांडीले लटकून."

म्हणे, "मंग बस न. सामोरचं दार उघडते तिचं."

असा माणूस.

कोणी खेळणं म्हटलं का पेटे. "खेळणं नाही, मॉडेल हाय. अस्सल गाडीच्या चोवीसाव्या हिश्श्याचं. माप चुकत नाही."

मी टोमणा मारला, "गाडी हाय न? मंग दसऱ्याले पूजा करा तिची."

यानं खरंच केली!

झेंडूचं फूल ठेवलं तं सारं बोनट झाकलं. चाकाखाली लिंबू ठेवला तं लिंबू चाकापेक्षा उंच. गाडी चढेच ना.

बुढ्यानं लिंबू कापला, बिया काढल्या. चाकाचाकाखाली एकेक बी ठेवली आन बोटानं गाडी पुढं ढकलली. तोंडानं हॉर्न वाजवला. पिकल्या केसाच्या माणसानं!

मी कपाळावर हात मारला. पण मंग नवी गाडी झाली का दर खेपेले बिया. रीतच पडली घरात.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी, दुपारी, एका गाडीचं टप चिकटवलं. चार कोपऱ्याले चार चिमटे लावले.

म्हणे, "चहा ठेव. आन तिले हात नको लावू, सुकून राह्यली."

खाटेवर आडवा झाला. चहा आटून गेला, बुढा उठला नाही.

डॉक्टर म्हणे अटॅक.

मले राग याचा हाय का माणसानं हातातलं काम तं उरकून जावं! रंग नाही, काच नाही, स्टिअरिंग डबीत पडलेलं. चाकं तेवढी लावलेली. असं अर्धवट टाकून जायची काय रीत हाय? मी कधी पोळी तव्यावर टाकून उठली काय?

तेराव्याले नणंद म्हणे, "वहिनी, हे खेळणे लेकराइले वाटून टाका. पुण्य लागते."

म्हटलं, "पहिले तुमच्या घरचा टीव्ही वाटा. लय पुण्य लागन."

तेव्हापासून आली नाही. बरं झालं.

वर्षभर मी त्या टेबलाभोवतून झाडलं. धुणं दगड ठेवून वाळवलं. नवे चिमटे आणाले कोण्या डॉक्टरनं मना केलं होतं, मले मालूम नाही.

आज दिनेश आला. पूजा झाली, जेवणं झाली. टेबल पाहून म्हणे, "माय, हे आवरून टाकू आता. गाड्या शाळेत देऊन टाकू."

आन चिमट्याले हात घातला.

माझ्या तोंडून निघालं, "हात नको लावू रे. सुकून राह्यली."

पोरानं हात मागं घेतला. मंग हळूच म्हणे, "माय, वर्ष झालं. एवढ्यात तं स्लॅब सुकते."

बरोबर बोलला. म्हणून अजूनच राग आला.

त्याले बाजूले सारलं आन मीच बसली. एकेक चिमटा काढला.

टप वाकडं चिकटलं होतं.

जन्मभर जगाले माप सांगितलं, आन शेवटचं वाकडं! वर्षभर मी राखण केली ते याची!

दिनेश म्हणे, "काढून सरळ लावू काय?"

म्हटलं, "खबरदार. बापाचं हाय ते."

लिंबू आणला. कापला. बिया ठेवल्या आन बोटानं ढकलली. बिया घसरल्या, गाडी पुढं गेली.

हॉर्न दिनेशनं वाजवला.

कपाट इथंच राह्यते. शाळेबिळेत काही जात नाही. आन कमेंटमधे कोणी खेळणं लिहिलं तं ब्लॉक करीन. नातीनं शिकवलं मले.

चिमटे घासून दोरीले लावले. लुगडं वाळून राह्यलं.

अवो, सुकली तुमची गाडी.

निघा आता.