बांगड्यांशिवाय दवाखान्यात

लग्न होऊन मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या डोंगरात आले आणि खोकला मुक्कामालाच आला. माहेर नांदेडच्या बाजूला, एका दिवसात जाऊन येण्यासारखं नव्हे. शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळं डॉक्टरांचं बोलणं मी माझ्या पद्धतीनं ध्यानात ठेवायची: छातीत कफ साचतो, त्यात जंतू वाढतात आणि ते आता गोळ्यांना भीत नाहीत. म्हणून नगरला दवाखान्यात राहायचं आणि दोनेक आठवडे शिरेतून औषध घ्यायचं.

तयारी सासूबाईंनी हातात घेतली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सोबतीला त्याच राहणार होत्या. वाकळ, रॉकेलचा स्टो, पातेली, पेजेसाठी घरचा तांदूळ, डासांच्या अगरबत्त्या. आमचे हे जीप चालवायचे. ते म्हणाले, एवढं सामान नेलं तर दवाखानावाले भाडं मागतील. आत्याबाईंनी त्यावर लोणच्याची बरणीही बांधली.

मग त्यांनी बांगडीवाल्या चाचींना बोलावणं धाडलं. लांबच्या वाटेला सुनेनं भरल्या हातानं निघायचं, ही त्यांची रीत. पण मागच्या खेपेला सिस्टरला माझी शीर सापडत नव्हती. बांगड्या वर सारताना तीन-चार फुटल्या, आणि आत्याबाई दिवसभर जेवल्या नाहीत. यावेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन्ही हात कोपरापर्यंत मोकळे ठेवा, शिरा आधीच बारीक आहेत. शीरच मिळाली नाही तर औषध जाणार कुठून, या विचारानं मला झोप नव्हती. आणि सासूला नको म्हणायची सवय नव्हती.

चाची ओट्यावर बसल्या. हिरव्या बांगड्या निवडून झाल्या, माझा हात त्यांच्या हातात गेला, तेव्हा कुठं मी मान खाली घालून म्हणाले, "आत्याबाई, नको. सुई टोचायला जागा पायजे."

चाची उगाच बांगड्या पुसत बसल्या. आता बोलणी बसणार, असं मी धरूनच चालले.

"हिच्या मापाच्या माझ्या हातात घाल," आत्याबाई चाचींना म्हणाल्या. "ही बरी व्हईस्तवर हिच्या नावानं मी घालते."

चाची म्हणाल्या, तुमचा हात भात लावून लावून कुदळीच्या दांड्यासारखा झालाय, तुमच्या मापाच्या घ्या. आत्याबाई ऐकेनात. माझ्या नावाच्या म्हणजे माझ्याच मापाच्या. मग साबण आला, पाणी आलं. चाची हात दाबतायत, आत्याबाई दात आवळून बसल्यात, शेजारणी दारात उभ्या राहून हसतायत. दोन बांगड्या तिथंच फुटल्या. मी घाबरून आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं.

"त्या माझ्या नावाच्या हुत्या," त्या म्हणाल्या. "आता बसत्यात त्या तुझ्या."

शेवटी एकेका हातात चार-चार बसल्या. मनगटं लालबुंद झाली. त्या संध्याकाळी भाकरी मी थापल्या, कारण आत्याबाईंची बोटं मिटत नव्हती. एवढं माझ्यासाठी माझ्या माहेरीही कुणी केलं नव्हतं. भाकरी तेवढी त्यांना ऊन-ऊन वाढली.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये एका बाईनं माझ्या ओक्याबोक्या हातांकडं पाहिलं आणि मग गळ्यातल्या मण्यांकडं. आत्याबाईंनी तिला सगळी हकिकत सांगितली, संगमनेर मागं पडलं तरी सांगत होत्या. मी पदराखाली हात घेऊन मनगटाच्या निळ्या रेषा चाचपत होते. कधी लागायच्या, कधी नाही.

नगरला सिस्टरनं हाताला रबर बांधलं, दोन बोटांनी टिचक्या मारल्या. आत्याबाईंना सुई बघवत नाही, त्या बाहेर जाऊन थांबल्या. मी डोळे घट्ट मिटले. एकदाच टोचलं. डोळे उघडले तर नळीतून औषध थेंब थेंब उतरायला लागलं होतं.

"आत्याबाई," मी हाक मारली, "मिळाली शीर."

त्या आत आल्या, माझा हात नुसता बघून घेतला, आणि सिस्टरला विचारलं, बाई, पेज शिजवायला स्टो कुठं पेटवू देता?