ठासणीची बंदूक

निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत राहायला आलो, तेव्हा हाताला काही उद्योग असावा म्हणून जावयाने जुन्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग आणून दिले. लांब नळी, घोडा आणि ओबडधोबड लाकडी दस्ता. तळघरात बसून मी तो दस्ता घासत राहिलो. लाकडातल्या रेषा उजळत गेल्या, तसतसा मीही हरखत गेलो.

काल नळी दस्त्यात चपखल बसली. बंदूक खांद्याला लावून पाहत होतो, तेवढ्यात माझी सहा वर्षांची नात जिना उतरून आली. ती ओरडली नाही, रडली नाही. गुपचूप टेबलाखाली शिरली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली.

"अगं, रिकामी आहे ही," मी म्हणालो.

"शाळेत शिकवलंय, कुणी बंदूक घेऊन आलं की असंच लपून बसायचं," ती कुजबुजली.

मी बंदूक खाली ठेवली. इतके दिवस मला नुसतं लाकूडच दिसत होतं. एखादी वस्तू सुंदर केली की ती निरुपद्रवी होते, असं का वाटलं मला? नातीकडे बघायचा धीर होईना.

तिनेच सरकून शेजारी जागा केली.

"आजोबा, तुम्हीपण या ना आत. लवकर!"

मी गुडघे टेकले आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.